जून कढीपत्त्याचा रंग

"पांढरा," असं म्हणून अप्पांनी शेडकार्ड मिटलं आणि त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

अप्पा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कालव्याच्या अस्तरापासून भाजीच्या पिशवीपर्यंत घरातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. पण त्या सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कणीक मळता मळता स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, की पांढऱ्यावर तेलाचे, मेंदीचे सगळे डाग दिसतात, त्यापेक्षा फिकट गुलाबी बरा. माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, पेपरातून डोकं वर काढलं आणि सांगितलं, की चांगल्या हॉटेलांत हल्ली राखाडी देतात. मी पिवळा म्हणाले. लिंबाच्या सालीसारखा भडक नाही, सकाळच्या उन्हासारखा.

बाथरूमला रंग द्यायचा होता, एवढंच.

ही दोन हजार बारा सालातली गोष्ट. मिरजेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. बाथरूम त्याच्या अगदी पोटात, चारही बाजूंनी खोल्या. त्यामुळे तिला खिडकी नव्हती. अप्पांनी नोकरीभर दुसऱ्यांचे नकाशे तपासले आणि स्वतःच्या घराचा नकाशा मात्र बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर मान्य केला. हे ते कधी बोलायचे नाहीत आणि आम्हीही काढायचो नाही. भर दुपारी दिवा लावूनच आत जावं लागे. छताजवळच्या भोकात एक एक्झॉस्ट पंखा होता. तो सुरू केला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज यायचा. छातीपर्यंत कॉफीच्या रंगाच्या टाइल्स होत्या आणि वरची भिंत ओल धरून फुगली होती. गणपतीनंतर एक दिवस तिथला मोठा पोपडा अप्पांच्या आंघोळीच्या बादलीत पडला, तेव्हा रंगाचं ठरलं. कुठला, ते ठरायला दोन महिने गेले.

रंगारी म्हणजे मजीदभाई. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे करणाऱ्या घरातले. स्वतः त्यांनी तरुणपणी तंबोऱ्यांना पॉलिश केलं होतं. एका तंबोऱ्याला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात तीन खोल्या होतात, हे लक्षात आल्यावर ते भिंतींकडे वळले. त्यांनी भिंत खरवडली, पुट्टी भरली आणि आमचं एकमत होईना म्हणून दरवाज्यासमोरच्या भिंतीवर चार रंगांचे चार चौकोन काढून दिले. म्हणाले, आठ दिवस रोज बघा, आपोआप ठरेल.

आपोआप काही ठरलं नाही. अप्पांनी पांढऱ्यावर कमी उजेडात किती प्रकाश परत येतो याचं गणित मांडून दाखवलं. आईंनी गुलाबीच्या बाजूनं त्यांच्या माहेरच्या न्हाणीघराचा दाखला दिला, ज्याला दोन खिडक्या होत्या. शिरीषनं एक स्टिकर मागवलं. त्यावर उघडी खिडकी होती, खिडकीत समुद्र, समुद्रात होडी. ते टाइल्सवर चिकटवलं की खोली मोठी वाटते म्हणे. अप्पांनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि नसलेली खिडकी आहे म्हणून दाखवायची लबाडी आपल्या घरात चालणार नाही, असं सांगून गुंडाळून ठेवलं. मी मनीप्लांटची कुंडी आणून कोपऱ्यात ठेवली. ती दहा दिवसांत पिवळी पडली. शिरीष म्हणाला, तुला हवा तो पिवळा आला बघ.

दर रविवारी मजीदभाई यायचे आणि दर रविवारी कोणाचं तरी नवीन काहीतरी निघायचं. रंगाला सुरुवात केली की बाथरूम आठ दिवस बंद राहणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग अप्पांना भिंत अजून ओली वाटायची. आईंचं नवरात्र आलं. शिरीषला ऑफिसच्या कामानं पुण्याला जायचं होतं आणि आपण नसताना निर्णय नको, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हणाले, दिवाळी होऊन जाऊ दे. मला घाई का नव्हती ते मला माहीत होतं. बाकीच्यांना का नसावी, हे माझ्या मनातही आलं नाही.

माझं कारण सांगते.

शिरीषला एक मोठी बहीण आहे, उल्का. माझं लग्न झालं तेव्हा या घरात तिचा एकही फोटो नव्हता. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी तिचं लग्न अप्पांच्या खात्यातल्या मित्राच्या मुलाशी ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आठ दिवस राहिले असताना ती धारवाडला गेली आणि तिथं बसवराज हिरेमठ नावाच्या माणसाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. अप्पांनी कोणालाही फोन केला नाही. पाहुण्यांच्या यादीतल्या मिरज-सांगलीच्या चाळीस घरी ते स्वतः गेले आणि प्रत्येक दारात उभं राहून लग्न नाही म्हणून सांगितलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाले, या घरात तिचं नाव निघायचं नाही. निघालं नाही. मिरजेहून धारवाडला सकाळी गाडीत बसलं तर जेवायला पोचता येतं. नऊ वर्षांत त्या गाडीत आमच्या घरातलं कोणी बसलं नव्हतं.

लग्नानंतर वर्षभरानं मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. घरात सगळे माझ्याशी चांगलं वागत होते, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. मी तेव्हा ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे तिथल्या फोनवर एक दिवस एका बाईचा आवाज आला. "सुमेधा, मी उल्का. तू मला ओळखत नाहीस. बोलायचं असेल तर बोल, नाहीतर मी नुसती फोन धरून राहते." मी बोलले नाही, रडले. ती खरोखरच पंधरा मिनिटं फोन धरून राहिली.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी मी तिला फोन करायचे. आमच्या खोलीला लागून एक छोटी बाथरूम होती, पण तिची खिडकी स्वयंपाकघराच्या गॅलरीत उघडायची आणि आत शिंक दिली तरी आईंना ऐकू जायची. म्हणून ही मधली. मोबाईलचा टॉवर आमच्याच गच्चीवर होता, त्यामुळे बिनखिडकीच्या खोलीतही रेंज यायची. दार लावायचं, पंखा सुरू करायचा, कमोडचं झाकण टाकून त्यावर बसायचं. बाहेर एक अक्षर जायचं नाही. ती सांगायची, आपण बोललो हे घरात कोणाला कळू देऊ नकोस, उगाच तुला त्रास. मीही तिला तेच सांगायचे. पाच वर्षं मी तिला पाहिलं नव्हतं आणि माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा तिला माझं जास्त माहीत होतं.

आता अशी बाथरूम आठ दिवस बंद म्हटल्यावर मला घाई कशाला असेल?

दिवाळीनंतरच्या बुधवारी मी तिला हे रंगाचं रामायण सांगितलं. ती धारवाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं मला टाइल्सचा रंग विचारला, दिवा कुठं आहे ते विचारलं, छत किती उंच आहे ते विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही सगळे त्या खोलीत उजेड आणायला बघताय. तिला खिडकी नाही, ती नाही. फिकट रंग दिलात तर कळकटच दिसेल. गडद हिरवा द्या. कढीपत्त्याच्या पानाचा, कोवळ्या नाही, जून पानाचा. छतालाही तोच, म्हणजे छत कुठं सुरू होतं ते कळणार नाही. आणि वरचा दिवा काढून आरशाच्या दोन्ही बाजूंना पिवळे दिवे लावा."

मी डोळे मिटून ते बघितलं आणि मला पटलं. माझ्या पिवळ्याचा मला त्याच क्षणी कंटाळा आला.

त्या रविवारी मजीदभाईंनी जरा आवाज चढवून सांगितलं, की आज शेवटचं काय ते सांगा, नाहीतर मी दुसरं काम धरतो. अप्पा म्हणाले, तोंडी चर्चा बंद. त्यांनी खात्याची पद्धत काढली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे चार सारखे तुकडे केले, प्रत्येकाला एक दिला, लिहून घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायला सांगितलं. साक्षीदार म्हणून मजीदभाईंना समोर बसवलं. मी माझ्या चिठ्ठीत जून कढीपत्ता लिहिला. माझ्या एका मताविरुद्ध तीन मतं जाणार हे मला माहीत होतं, पण उल्काताईचं एकदा तरी या घरात कागदावर यावं, असं वाटलं. तिचं नाव नाही तर नाही, रंग तरी.

अप्पांनी पहिली चिठ्ठी उघडली. अक्षर शिरीषचं होतं. त्यांनी वाचलं, "गडद हिरवा. कढीपत्त्याच्या जून पानासारखा. सीलिंगला पण."

मी शिरीषकडे बघितलं. माझा बुधवारचा फोन त्यानं कधीतरी दाराला कान लावून ऐकला असणार, असंच मला वाटलं. तो मात्र टेबलावरच्या रेघेवरून बोट फिरवत होता.

दुसरी चिठ्ठी माझी होती. ती वाचताना अप्पांचा आवाज हळू झाला. आता शिरीषनं माझ्याकडे बघितलं. तिसरी आईंची. त्यांच्या मोठ्या गोल अक्षरांत जून कढीपत्ता तर होताच, शिवाय आरशाच्या दोन्ही बाजूंचे पिवळे दिवेही होते.

चौथी चिठ्ठी अप्पांनी हातात घेतली आणि उघडलीच नाही. घडी तशीच बोटांत धरून ठेवली. मजीदभाईंना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. त्यांनी सहज हात पुढे करून ती घेतली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचली. ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ उभ्या अक्षरांत क्रमांक घालून लिहिलं होतं. एक, भिंती व छत, जून कढीपत्त्याच्या पानाप्रमाणे हिरवा. दोन, छतावरील दिवा रद्द. तीन, आरशाच्या उजव्या व डाव्या बाजूस पिवळा प्रकाश.

मजीदभाई खूष झाले. तीस वर्षांत नवरा-बायकोचं रंगावर एकमत झालेलं आपण पाहिलं नाही आणि इथं चौघांचं झालं, त्यातून दोघांचं दिव्यासकट, असं म्हणून त्यांनी आमच्या घरातल्या एकोप्याचं कौतुक केलं. उद्या सकाळी येतो म्हणाले आणि गेले.

आम्ही चौघं टेबलाभोवती तसेच बसलो होतो. मग आई अप्पांना म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुम्ही आमटीतला कढीपत्ता काढून ताटाच्या कडेला ठेवता. त्याचं जून पान तुम्ही कधी बघितलंत?"

"तुम्ही तिघांनी कुठं बघितलं?" अप्पांनी विचारलं.

शिरीष उठून पाणी प्यायला गेला आणि पेला भरून तसाच परत घेऊन आला. नाव आमच्या ओठांवर होतं, आणि ते काढायचं नाही हा नियम सांभाळायची सवय इतकी झाली होती, की त्या क्षणीही कोणाच्या तोंडून ते बाहेर पडेना. अप्पांनी चारही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या.

"ज्यानं हा रंग सुचवला," ते म्हणाले, "त्यानं येऊन काम बघितलं पाहिजे. जागेवर बघितल्याशिवाय कुठलंही काम पास होत नाही."

"निरोप कोण देणार?" आईंनी विचारलं.

"ज्याच्याकडे नंबर असेल त्यानं."

एवढं बोलून ते त्यांच्या खोलीत गेले. नंबर चौघांकडेही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजीदभाईंनी बाथरूमच्या दाराला बाहेरून दोरी बांधली आणि आमची पंचाईत झाली. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हॉलमध्ये सोफ्यावर बसून कोणीही धारवाडला फोन लावू शकलं असतं. पण ते कोणाला जमेना. अप्पा आपलं वर्तमानपत्र घेऊन सकाळभर हॉलमध्ये आणि आई स्वयंपाकघरात. शिरीष त्या दिवशी ऑफिसला नेहमीपेक्षा एक तास लवकर गेला.

दुपारी हॉल रिकामा दिसला. मी मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. उल्काताईचा फोन लावला तर व्यस्त. पाच मिनिटांनी लावला, तरी व्यस्त. तेवढ्यात पाण्याच्या टाकीच्या पलीकडून अप्पांचा आवाज आला. ते कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, "नाही गं, रागावलो नाही. मी कोणत्या तोंडानं रागावणार?"

मी पाय न वाजवता जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात आई वर येताना भेटल्या. गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षांत गच्चीवर गेल्या नव्हत्या. एका हातानं कठडा धरलेला, दुसरा हात पदराखाली. पदराखाली काय आहे हे विचारायची गरज नव्हती.

"वर अप्पा आहेत," मी म्हणाले.

त्या तिथंच पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. धाप कमी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं कधीपासून?"

"पाच वर्षं झाली. दर बुधवारी."

"माझा मंगळवार," आई म्हणाल्या. "तिच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी मीच लावला पहिला फोन. साडी हातानं धुते म्हणून सांगायचं आणि आत जायचं. यांना ब्लडप्रेशर. कळलं तर काय होईल याची इतकी धास्ती, की मी तिला दिवाळीत 'सुखी राहा' म्हणायची ते पण नळ सोडून म्हणायची."

घरात मशीन असताना आई साड्या हातानं का धुतात आणि धुऊन आल्यावर डोळे लाल का असतात, याचा मी माझ्यापुरता अर्थ लावून ठेवला होता. साबण झोंबतो, असा. शिरीष दाढीला अर्धा तास लावतो तो आरशापुढून हलत नाही म्हणून, आणि अप्पा इसबगोल घेऊनही सकाळी तेवढाच वेळ आत असतात ते पोटामुळे, असंही मी धरून चालले होते.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत उल्काताईचाच मला फोन आला. घरात मी पहिल्यांदाच तो बाथरूमच्या बाहेर, आमच्या खोलीत, पलंगावर बसून घेतला. शिरीष समोर उभा होता. त्याचा शनिवार होता, हे त्यानंच सांगितलं. मी तिला विचारलं, की सगळ्यात आधी कोणी फोन केला होता? आई म्हणतात दोन महिन्यांनी त्यांनी.

"अप्पांनी," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आठव्या दिवशी."

मी हिशेब केला. चाळीस दारं संपवून, नाव काढायचं नाही असं घरात बजावून तीन-चार दिवसही झाले नव्हते. त्यांनी नंबर शोधून काढून स्टेशनजवळच्या टेलिफोन बूथवरून तिच्या नव्या शाळेत फोन केला होता. पोचलीस ना नीट, एवढंच विचारलं. मग म्हणाले, मी फोन केला हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस, तिनं फार मनाला लावून घेतलंय, तिला वाटेल माझ्या शब्दाला किंमत नाही. मोबाईल आला तसे ते बूथवरून बाथरूममध्ये आले.

"आणि तुझ्या त्या वेळचं मला अप्पांनीच सांगितलं," उल्काताई म्हणाली. "लॅबचा नंबर पण त्यांनीच दिला. म्हणाले, ती कोणाशी बोलत नाही आणि मला तिच्याशी काय बोलावं ते येत नाही. तू बोल."

मी फोन शिरीषच्या हातात दिला.

रंग नऊ दिवस चालला. शेवटचा हात मारून झाल्यावर मजीदभाईंनी आरशाच्या दोन्ही बाजूंचे दिवे लावले, दोन पावलं मागे आले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ते मोठं प्रशस्तिपत्र होतं. कॉफीच्या टाइल्स, ज्यांचा आम्हाला सगळ्यांनाच वीट आला होता, त्या हिरव्याखाली एकदम मुद्दाम निवडल्यासारख्या दिसायला लागल्या. खोली लहानच होती, पण आता ती लहान असल्याबद्दल दिलगीर वाटत नव्हती.

शनिवारी उल्काताई आणि बसवराज आले. तिला घेऊन यायला स्टेशनवर कोणी जायचं यावर पुन्हा थोडा घोळ झाला आणि शेवटी ते दोघं रिक्षा करून स्वतःच आले. मी दार उघडलं. मी मनात उंच, सडपातळ बाई धरली होती. समोर माझ्या खांद्याइतकी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली, पुढचे केस बरेचसे पांढरे झालेली बाई उभी होती. "सुमेधा," ती म्हणाली, तेव्हा आवाजावरून पटलं.

आईंनी तिला धरून ठेवलं, सोडेचनात. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसले होते. ती पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं. मग ते जावयाकडे वळले आणि त्यांनी रीतसर चौकशी सुरू केली. आपण काय करता? बसवराज बियाणांच्या संशोधनात होता, हे अप्पांना नऊ वर्षं माहीत होतं. त्यानं कानडी वळणाच्या मराठीत शांतपणे सगळं सांगितलं. घर स्वतःचं की भाड्याचं? त्यानं सांगितलं. किती भाऊ? दोन. दर आठवड्याला बोलणारी ती माणसं होती, पण अप्पांच्या लेखी त्यांची ओळख आज, आत्ता, सगळ्यांसमोर होत होती आणि ती पहिल्यापासून व्हायला हवी होती. उल्काताईनं त्यांना ती सगळी ओळख करून घेऊ दिली.

"आणि तुमच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन—" अप्पा म्हणाले आणि थांबले. ऑपरेशनचं त्या दिवशी कोणी काढलंच नव्हतं.

"बऱ्या आहेत आता," बसवराज म्हणाला. "काठीशिवाय चालतात."

अप्पांनी मान हलवली. मला म्हणाले, चहा ठेव, यांच्या कपात साखर घालू नकोस. तेही कोणी सांगितलेलं नव्हतं. आईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, हे मला स्पष्ट दिसलं. नऊ वर्षं नळ सोडून मुलीला आशीर्वाद द्यावा लागल्याचा राग. तो पुढेही अधूनमधून बाहेर यायचा, कुठल्याही विषयावरून. अप्पा जाईपर्यंत तो पुरता गेला नाही आणि अप्पांनीही त्यावर कधी उत्तर दिलं नाही.

चहा झाल्यावर मी उल्काताईला बाथरूम दाखवायला नेलं. तिनं दिवे लावले, दार लोटलं, छताकडे बघितलं, भिंतीवर तळवा टेकवला. एका कोपऱ्यात ब्रश नीट फिरला नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं. मग ती कमोडच्या झाकणावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे इथून बोलायचात." आणि पुढे म्हणाली, "सुमेधा, चौघांचे चार वार. मंगळवारी आईला जे सांगायचं ते रविवारी सकाळीच अप्पांना सांगून झालंय, हे दाखवायचं नाही. तुझं शिरीषला नाही, शिरीषचं तुला नाही. वही ठेवली होती मी. कोणाला काय माहीत आहे याची."

मग बरेच दिवस मनात होतं ते विचारलं. चौघांनी वेगवेगळं विचारलं आणि तू चौघांनाही एकच रंग सांगितलास. आम्ही पकडले जाऊ हे तुझ्या लक्षात आलं नाही का?

"पहिल्यांदा आईनं विचारलं. मला जे सुचलं ते सांगितलं. मग तू, मग शिरीष. तुम्ही तिघं आपापसांत भांडाल आणि कोणीतरी माघार घेईल, असं वाटलं," ती म्हणाली. "शेवटी रविवारी सकाळी अप्पांचा फोन आला. म्हणाले, आज चिठ्ठ्या टाकून घेणार आहे, लवकर सांग. त्यांना दुसरा रंग सांगता आला असता. निळा सांगितला असता तरी चालला असता."

"मग?"

"कंटाळा आला होता," उल्काताई म्हणाली. ती उठली, तिनं दिवे बंद केले आणि बाहेर येऊन आईंना विचारलं, की भाजी कुठली करायची आहे, मी चिरते.